भिमाजीचा दहावा

भिमाजी मेला, दहाव्या दिवशी घोड नदीच्या काठावर त्याचा दहावा झाला, आणि बऱ्याच खोळंब्यानंतर एकदाचा कावळा शिवला.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही. असं काहीही घडलेलं नाही. भिमाजी धडधाकट आहे, त्याला साधी सर्दीसुद्धा नाही. फार काय, तो अजून जन्मलेलाही नाही. तो जन्मतो एका सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, कळंबच्या कांद्याच्या शेडमध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

त्याचं असं झालं. शेडमध्ये पंधरा-सोळा बायका कांदा निवडायला बसायच्या. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे. जोड कांदा, म्हणजे एकाच सालीत दोन, तो बाजारात कुणी घेत नाही म्हणून मागच्या कोपऱ्यात. हाताला हे काम इतकं पाठ झालेलं की डोक्याला दिवसभर सुट्टी. पूर्वी गाणी वाजवणारा एक स्पीकर होता, पण तो पाण्याच्या बादलीत पडला आणि वारला. पहिल्या दिवशी बायकांनी गावातल्या लोकांविषयी बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाव्हण्यारावळ्यांविषयी. तिसऱ्या दिवशी गाव संपलं आणि शेडमध्ये बसलेल्यांचीच पाळी यायला लागली, तेव्हा परिस्थिती नाजूक झाली.

"ए तलाठीबाई," शीला म्हणाली, "तू शिकलेली ना? मंग सांग की कायतरी. न्हाईतर आता माझा नंबर हाय."

तलाठीबाई म्हणजे वृषाली. वय तेवीस, बी.ए. झालेली, तलाठीभरतीचा अभ्यास करणारी. जागा निघेपर्यंत कांदा. वृषालीनं घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"एक होता टेम्पोवाला. त्याचं नाव भिमाजी. फार सज्जन माणूस होता."

"सज्जन म्हणूनच मलाबी दाखवला व्हता," शीला म्हणाली, आणि सगळं शेड खदखदून हसलं. शीलाच्या नवऱ्याला सगळं शेड ओळखत होतं.

वृषालीच्या लक्षात आलं की सज्जन माणूस जागचा उठतच नाहीये. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, नुसता सज्जनपणा कांद्याच्या ढिगावर सांडलाय. तिनं एक गोल्टी उचलली, टाकली, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या लंकाबाईच्या पायांकडे बघत म्हणाली,

"त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता. तो त्यानं तारेनं बांधला होता. त्यामुळं चालताना एक पाऊल गप, आणि एक पाऊल 'किर्र'. गप, किर्र. गप, किर्र."

सोळा जोड्या हात क्षणभर थांबले. लंकाबाई, जी सत्तरीची होती, भीमाशंकरच्या अंगाची डोंगरातली, हंगामापुरती कळंबला लेकीकडे राहायला आलेली, ती काळजीनं म्हणाली, "आन ती तार टोचत नसंल व्हय त्याला?"

असा भिमाजी जन्मला. प्रसूती सुखरूप झाली.

पुढचे दोन महिने तो वाढतच गेला. वृषालीला एक गोष्ट कळून चुकली होती: त्याच्याविषयी मत द्यायचं नाही, तो काय करतो तेवढं सांगायचं. भिमाजी प्रेमळ आहे असं म्हटलं की शीला जांभई द्यायची. म्हणून वृषाली म्हणायची, भिमाजी पुढच्या माणसाच्या पाठीवर हॉर्न वाजवत नाही. टेम्पो थांबवतो, खाली उतरतो, गप-किर्र करत त्या माणसापर्यंत जातो आणि म्हणतो, "भाऊ, जरा सरकता का?" ह्यामुळं एकदा पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरपर्यंत गाड्या तुंबल्या. (त्या दिवशी गाड्या खरोखरच तुंबल्या होत्या. बायका घरी जाऊन कारण सांगून आल्या.) भिमाजी चहा गार झालेला असला तरी फुंकून पितो. काही विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारतो, आणि मग ती गाठ कशासाठी मारली ते विसरतो. भिमाजी बाजारातून जोड कांदेच घरी नेतो. लोक विचारतात, हे कशाला? तर म्हणतो, एकटा जेवतो ना मी, ताटात कुणीतरी जोडीनं असावं.

हे जोड कांद्याचं ज्या दिवशी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यातला जोड कांद्याचा ढीग नीट रचलेला दिसायला लागला. साली काढून, पुसून. रचणारी होती रत्ना.

रत्ना म्हणजे संपतची थोरली बहीण. संपत शेडचा मुकादम. रत्ना सदतीस वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, भावाकडे राहायची. भाऊ चांगला होता, भावजय चांगली होती, आणि त्या चांगुलपणात रत्नाला कुणी सहसा काही विचारत नसे. शेडमध्ये ती कडेला बसायची. दोन महिन्यांत तिनं गोष्टीच्या मध्ये चारच प्रश्न विचारले. भिमाजी जेवतो कुठं? त्याला कुणी हाये का? पावसात टेम्पोवर ताडपत्री कोण धरतं? आणि चौथा: "तो कधी इकडं, कळंबला येतो का गं?"

"येतो की," वृषाली बोलून गेली. "कळंबला एक बाई आहे. त्या बाईनं दिलेला चहा तो फुंकत नाही."

कोण बाई, ते तिनं सांगितलं नाही. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण शेडमध्ये पंधरा जणींनी रत्नाकडे बघितलं, आणि रत्नानं एक अख्खा मोठा कांदा गोल्टीत टाकला.

आणि नेमकं ह्याच सुमाराला रत्नाला स्थळ आलं.

स्थळ जुन्नर तालुक्यातल्या राजुरीचं. नाव ज्ञानेश्वर. वय त्रेचाळीस, बायको सहा वर्षांपूर्वी वारलेली. कांदेपोहे झाले, बघून गेले, राजुरीचा निरोप आला: आम्हाला पसंत आहे, पंधरा दिवसांत काय ते कळवा. रत्ना हो म्हणेना, नाही म्हणेना. सोमवारी वृषालीनं तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"कसे आहेत, रत्नाताई?"

"बरे आहेत."

"म्हणजे कसे?"

"म्हंजी तीन एकर बागायत, एक ट्रॅक्टर, दोन जर्सी गाई. निर्व्यसनी."

"अगं ताई, हा माणूस झाला का सातबारा?"

"तेच तर," रत्ना म्हणाली. "अर्धा तास समोर बसले व्हते. मी पाह्यलं त्यांना. पण दिसले न्हाईत." तिनं तांब्या विसळला, पुन्हा विसळला. "भिमाजी कसा, इथून दिसतो."

भिमाजी वृषालीला तरी कुठून दिसत होता? रुमालाची गाठ तिच्या आजोबांची, चप्पल लंकाबाईची, जोड कांदा शेडचा. हे सगळं गोळा करून तिनं तारेनं बांधलं होतं, आणि ते आता किर्र वाजवत सदतीस वर्षांच्या एका बाईच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं.

"ताई, तो नाहीये गं."

"मला काय येड लागलंय व्हय? ठावं हाय मला." रत्ना टाकीच्या कट्ट्यावर टेकली. "आमच्या ह्यांचा दहावा आठवतो मला. घाटावर पिंड ठेवला आन दोन मिन्टांत कावळा शिवला. दोन मिन्टांत. लोक म्हनले, लई भाग्यवान मानूस, कशात बी जीव अडकला न्हवता." तिनं कट्ट्यावरचं पाणी हातानं निपटलं. "मी तिथंच बसले व्हते."

एवढं बोलून तिनं तांब्या वृषालीच्या हातात दिला, उठली आणि निवडायला गेली. वृषाली तांब्या हातात घेऊन उभी राहिली. तांब्या तिचा नव्हता.

दुपारी संपतनं तिला वजनकाट्यामागं बोलावलं.

"तलाठीबाई, स्पष्टच बोलतो. माझ्या बहिनीला एका नसलेल्या मानसानं नादी लावलंय. असलेला असता तर मी त्याला बघून घेतला असता. पोलिसात जावं तर आरोपीचा पत्ता काय देऊ?"

"मग मी काय करू, संपतभाऊ?"

"मारायचा."

"कुणाला?"

"भिमाजीला. तूच केलाय, तूच मोड. लई सोपं हाय, एक अपघात टाक. नायतर आक्का त्या टेम्पोची वाट बघत म्हातारी व्हईल." त्यानं काट्यावरचं वजन उगाच इकडचं तिकडं केलं. "राजुरीचा मानूस वंगाळ नाय गं. त्याला निदान पाय तरी हायेत."

आपण सुरू केलेला टेम्पो आपणच थांबवायला हवा, असं वृषालीला दोन रात्री वाटत राहिलं, आणि बुधवारी सकाळी तिनं डोळे मिटून सांगून टाकलं,

"आणि त्या दिवशी भिमाजी अपघातात मेला."

मग लंकाबाई म्हणाली, "बरं. मंग?"

"मग काय? मेला."

"कुठं मेला?" शीलानं विचारलं.

"रस्त्यावर."

"कंच्या रस्त्यावर? चप्पल कुठं पडली? टेम्पोत काय माल व्हता? रुमालाला गाठ व्हती का नव्हती?"

"मला माहीत नाही."

"तुला म्हाईत न्हाई तर तो मेला न्हाई," शीला म्हणाली. "आगं ए, जगवायला दोन महिने लावलेस आन मारायला एकच ओळ? कोंबडीला बी याच्याहून जास्त येळ लागतो. चल, फुडं सांग. मंचरला पोचला का त्यो?"

आणि खरंच, भिमाजी दुपारपर्यंत मंचरला पोचला होता, हॉर्न न वाजवता.

गुरुवारी वृषालीनं त्याला विजेचा धक्का दिला. बायकांनी त्याच्या पायात रबरी चप्पल असल्याची आठवण करून दिली. शुक्रवारी साप चावला, तर लंकाबाईनं तिच्या गावाकडचं औषध इतकं बारकाईनं सांगितलं की भिमाजी संध्याकाळच्या आत बरा झाला आणि वर दोन भाकऱ्या खाऊन गेला. तो नुसता सांगून मरणारा नव्हता. वर्णनानं आला होता, त्याला वर्णनानंच पोचवायला लागणार होतं.

शनिवारी तिनं नाइलाजानं नीट सांगितलं.

"भिमाजीनं कळंबच्या फाट्याजवळ चिंचेखाली टेम्पो उभा केला. उतरला. गप, किर्र. गप, किर्र. टपरीवर चहा सांगितला आणि बाकड्यावर बसला. चहा आला. त्यानं फुंकर मारली. घाम पुसायला रुमाल काढला, तर त्याला गाठ. कशाची बरं ही? तो आठवत राहिला. चहा गार झाला, तरी तो फुंकतच होता. मागं एक ट्रक आला, त्याला वाट हवी होती. ट्रकवाला हॉर्न वाजवणार तेवढ्यात त्याचाही हात का कोण जाणे थांबला. आणि मग भिमाजीला आठवलं. गाठ कशाची होती ते आठवलं. तो हसला, लहान पोरासारखा. कप खाली ठेवला, कपाचा आवाज झाला नाही. उठायला म्हणून त्यानं पाय पुढं घेतला. उजवा. तो गपच असतो. डावा पाय उचललाच नाही."

कांद्याच्या शेडमध्ये रडण्याची एक अडचण असते. वर्षानुवर्षं कांदा हाताळणाऱ्या बाईच्या डोळ्यांना कांद्यानं पाणी येत नाही, त्यामुळं कारण सांगायची सोय नसते. त्या शनिवारी पंधरा बायका सोय नसताना रडल्या. मोठा, मध्यम, गोल्टी, सगळे ढीग एक झाले. संपत काट्यामागून आला आणि ओरडायला तोंड उघडून तसाच परत गेला. पाठमोरा असताना त्यानं बाहीनं नाक पुसलं.

रडली नाही ती एकटी रत्ना. तिनं फक्त विचारलं, "गाठ कशाची व्हती?"

"मला नाही माहीत, ताई," वृषाली म्हणाली, आणि हे खरं होतं.

दुसरीकडे कुठे असतं तर गोष्ट इथं संपली असती. पण ही माणसं आंबेगाव तालुक्यातली. इथं माणूस कसा जगला ह्यात थोडं इकडं-तिकडं चालतं, दहाव्यात चालत नाही.

"दहावा कधी?" लंकाबाईनं सोमवारी विचारलं.

"आजी, तो खोटा होता ना."

"खोटा आसंल. मेलाय तर खराच ना? तसाच ठिवला तर भटकंल. चपलंची किर्रकिर्र मला राती ऐकाया येती."

अजून तिघींना ऐकायला येत होती. संपतला विचारलं, तो म्हणाला, करा बाबा, दहावा करा, तेरावा करा, पण राजुरीला कळवायच्या आत उरकून घ्या. गुरुजींना फोनवर सगळं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काल्पनिक इसमासाठी पोथीत तरतूद नाही असं सांगून फोन ठेवला. तेव्हा पिंड लंकाबाईनं ठेवायचा ठरला. शीलानं शेडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकला: "दुःखद निधन. मनमिळाऊ टेम्पोचालक कै. भिमाजी (आडनाव ठरलेले नाही) यांचा दशक्रिया विधी येत्या सोमवारी सकाळी साडेसात वाजता घोड नदीतीरी होईल. शोकाकुल: शेडमधील समस्त महिला." खाली सोळा नावं, रत्नाचं पहिलं. शोकसंदेश पुढं पाठवायला माणूस ओळखीचा लागत नाही. संध्याकाळपर्यंत तो जुन्नर तालुक्यात शिरला होता.

सोमवारी सकाळी घाटावर शे-दीडशे माणूस जमलं. निम्म्यांना मयत कोण हे माहीत नव्हतं, पण दहाव्याला ते विचारायची पद्धत नाही. मधोमध खुर्चीवर फोटोची चौकट ठेवली होती, हार घातलेली, आत काहीच नसलेली. शेडमधल्या बायका एकेक करून तिच्यासमोर थांबत होत्या. "हुबेहूब," शीला डोळे पुसत म्हणाली.

येत्या निवडणुकीतले एक इच्छुक उमेदवार गाडीतून उतरले. त्यांना त्या सकाळी अजून तीन दहावे होते. त्यांनी चौकटीला नमस्कार केला, जवळून निरखलं आणि म्हणाले, "फोटो जुना दिसतोय." मग माईक घेतला.

"भिमाजीअण्णांचे आणि आमचे घरगुती संबंध. किती वेळा एका ताटात जेवलोय, मोजदाद नाही. अण्णांच्या जाण्यानं तालुक्याची कधीही भरून न येणारी हानी झालेली आहे."

वृषालीला ह्या माणसाचा हेवा वाटला. तिला जे करायला दोन महिने लागले होते, ते तो चपलेशिवाय, रुमालाशिवाय करू बघत होता. मात्र त्याच्या भाषणात भिमाजी एकदाही दिसला नाही.

तेवढ्यात तिच्या मागं कुणीतरी खाकरलं. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात हार, आणि हार नेमका कुणाला घालायचा ह्या विचारात उभा असलेला माणूस.

"ताई, मी राजुरीचा. ज्ञानेश्वर. रत्नाबाईंचं नाव शोकाकुलमधी पाह्यलं म्हनून आलो. हे... कोण व्हते?"

खोटं बोलायची वृषालीची ताकद आता संपली होती. "कुणी नव्हते. मी रचलेला माणूस आहे. शेडमध्ये गोष्ट सांगायचे, त्यातला."

ज्ञानेश्वरनं हाराकडं बघितलं, चौकटीकडं बघितलं.

"मंग कशानं गेले?"

"चहा पिता पिता."

"अरेरे," तो म्हणाला, आणि पुढं होऊन रिकाम्या चौकटीला हार घालून आला.

लंकाबाईनं पिंड ठेवला. सगळे मागं सरकले. समोर बाभळीवर सात-आठ कावळे बसले होते. ते पिंडाकडं बघत होते, माणसांकडं बघत होते, आणि येत नव्हते. दहा मिनिटं झाली. वीस झाली. तेवढ्या वेळात शीलानं ज्ञानेश्वरला भिमाजीचं मरण पहिल्यापासून सांगून टाकलं, न वाजवलेल्या हॉर्नसकट आणि रुमालाच्या गाठीसकट.

"जीव अडकलाय," कुणीतरी म्हणालं, आणि रीतीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागलं. शीला म्हणाली, "भिमाजीभाऊ, तुमची चप्पल आमी शिवून घिऊ." कावळा हलला नाही. लंकाबाई म्हणाली, "बाबा, जोड कांदं आमी टाकून देनार न्हाय." नाही. संपत पुढं झाला, इकडंतिकडं बघत पुटपुटला, "राव, मीच तुला माराया लावला. माफ कर." कावळ्यानं मान वाकडी केली, बास. इच्छुक उमेदवारांनी हात जोडून फाट्यापासून घाटापर्यंत रस्ता मंजूर करून आणायचा शब्द दिला, तसे बाभळीवरचे दोन कावळे उठून पलीकडच्या काठाला गेले.

वृषाली पुढं झाली. "भिमाजी, तुझी गोष्ट मी बंद पडू देणार नाही." उरलेल्या कावळ्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि चोची साफ केल्या. मारणारीचा शब्द होता तो.

तिनं मागं वळून रत्नाकडं पाहिलं. रत्ना घाटाच्या पायरीवर बसली होती, आणि तिचा चेहरा असा उजळलेला होता की दहाव्याला तसा असणं बरं दिसत नाही.

"शिवत न्हाई," ती हळूच म्हणाली. "बघ ना. अर्धा तास झाला. अडकलाय."

एका बाईला नऊ वर्षांनी हवं ते मिळालं होतं, आणि ते देणारा कुणी नव्हताच. आता कावळा शिवला तर ही पुन्हा दोन मिनिटांची होणार, आणि नाही शिवला तर जन्मभर इथंच पायरीवर बसणार.

तेव्हा ज्ञानेश्वर पुढं आला. टोपी काढली, परत घातली.

"भिमाजीभाऊ," तो पिंडाला म्हणाला, "आपली वळख न्हाई. मला तुमच्यावानी काय येत नाय. मी हॉर्न वाजवतो. ट्रॅक्टरचा आवाजच लई, न्हाईतर ऐकू येत नाय." माणसं चुळबुळली. "त्या दिशी मी यांच्याकडं गेलो व्हतो. चहा आला. पाच कप व्हते. बाकीचे कप रत्नाबाईंनी नुसते दिले. माझ्या पुढं धरायच्या आधी त्यांनी कपाचा कान फिरवला, माझ्या डाव्या हाताकडं. हा माझा उजवा हात हाय, मळणीयंत्रात बोटं गेलेली. दोनच राह्यलीत. कुनाला दिसू नये म्हनून मी बाहीत ठिवतो. यांनी कधी पाह्यला, मला कळलं बी नाय. वर काय बोलल्या बी नाहीत. नुसता कान फिरवला, डाव्या हाताला यील असा. सहा वर्सं झाली, माझ्यासाठी कुनी कपाचा कान फिरवला नव्हता. तवापासून मी त्यो कपच बघतोय."

शेडच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. दोन महिन्यांत त्यांचा कान तयार झाला होता. कोणता माणूस नुसता सांगितलेला आहे आणि कोणता उठून चालायला लागलाय, ते त्यांना आता बरोबर कळत होतं.

"आला," शीला कुजबुजली. "जित्ता झाला बघ."

ज्ञानेश्वरनं खिशातून रुमाल काढला. "तुमची गाठ कशाची व्हती, मला म्हाईत नाय. मरताना तुमाला आठवली, पन सांगाया येळ मिळाला नाय. ती मी घेतो." त्यानं एका हातानं आणि दातांनी रुमालाला गाठ मारली. बराच वेळ लागला. मदतीला कुणी पुढं झालं नाही, कारण ते सगळ्यांना बघायचं होतं.

गाठ बसली, आणि पंख वाजले.

आता कावळा त्याच्या शब्दानं आला की भुकेनं, ह्यावर कळंबमध्ये अजून दोन मतं आहेत. पण तो आला, पिंडाला शिवला, एवढं शे-दीडशे माणसांनी पाहिलं. वृषालीनं मात्र पाहिलं नाही. ती रत्नाकडं बघत होती. आणि रत्ना कावळ्याकडं बघत नव्हती.

मग चहा झाला. रत्नानं ज्ञानेश्वरपुढं कप धरला, कान डावीकडं.

"तुमी फुंकून पिता का?" तिनं विचारलं.

"न्हाई. गरम असला तरी तसाच पितो."

"मंग भाजत न्हाई?"

"भाजतं की. गप बसतो."

रत्ना हसली. नऊ वर्षांत शेडनं ते हसू ऐकलं नव्हतं. जरा किर्र वाजलं, वापरात नसल्यामुळं.

राजुरीला होकार गेला, पण रत्नानं एक अट घातली. दर सोमवारी ज्ञानेश्वर मंचरला माल घेऊन येतो, तेव्हा तिला कळंबला सोडायचं, दिवसभर शेडमध्ये, आणि भिमाजीची गोष्ट पुढं चालू पाहिजे. ज्ञानेश्वर म्हणाला, चालंल, मलाबी ऐकायची हाय, मला त्याचं नुसतं मरणच म्हाईत हाय. वृषाली आनंदानं तयार झाली. तिनं तिथंच शेडमध्ये सुरुवात केली, "तर भिमाजी चिंचेखालून उठला..."

"थांब," लंकाबाई म्हणाली. "दहावा झालेला मानूस असा कसा उठंल?"

"आजी, गोष्ट आहे."

"गोष्ट आसली म्हनून काय झालं? कावळा शिवलाय. शंभर मानसानं बघितलंय. मला बघ. सरकारी यादीत मी दोन वर्सं मेलेली व्हते. साहेबाफुडं उभी राहून सांगितलं, बाबा मी जित्ती हाय. म्हनला, आजी, तुमी जित्त्या दिसताय, पन तुमचा कागद मेलाय. हयातीचा दाखला आनला तवा कुठं उठले मी. त्याचा बी आना. मंग उठवा."

पंधरा जणींनी माना हलवल्या. दाखल्याशिवाय त्या ऐकणार नव्हत्या. वृषालीनं वहीतलं पान फाडलं, आणि तलाठीभरतीच्या अभ्यासात जेवढी सरकारी भाषा गोळा झाली होती, तेवढी सगळी एका दमात उतरवली. खाली सोळा सह्या झाल्या, त्यांत सहा अंगठे, आणि एक सही राजुरीची, डाव्या हातानं केलेली.

प्रति,
मा. ग्रामसेवक साहेब यांस

विषय: मयत इसम हयात असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, इसम नामे भिमाजी, आडनाव ठरलेले नाही, वय वर्षे ४१, धंदा टेम्पोचालक, हा मुळात अस्तित्वात नसून मागील महिन्यात मौजे कळंब फाटा येथे चहा पीत असताना मयत झालेला आहे. त्याचा दशक्रिया विधी रीतसर पार पडला असून कावळा शिवल्याबाबत कोणतीही तक्रार नाही. तथापि सदर इसमाचे काही काम अपुरे असून ते काय होते हे त्यालाच माहीत असल्याने, त्यास पुढे चालू ठेवणे गरजेचे आहे. ओळखीचा पुरावा म्हणून तार बांधलेली डावी चप्पल (ही श्रीमती लंकाबाई यांची असून परत मिळावी) व रुमाल एक, गाठीसह, सोबत जोडला आहे. तपासणीकामी गाठ सोडण्यात येऊ नये. तरी मेहेरबान साहेबांनी प्रकरणी सहानुभूतीपूर्वक विचार करून, सदर मयत व काल्पनिक इसम आजमितीस हयात असल्याचा दाखला, सही-शिक्क्यानिशी, शक्यतो येत्या सोमवारी सकाळी साडेनऊच्या आत देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.